जुनी भांडी, जुने रुपये : काट्यावर घालण्यापूर्वी पारखून घ्या

घरातील वडीलधारे माणूस अल्लाहला प्यारे झाले की काही महिन्यांनी एक काम हमखास निघते. दादीची किंवा नानीची पेटी उघडली जाते, माळ्यावरची पोती खाली येतात आणि अंगणात पानदान, उगालदान, बदना, डेगा, गुलाबपाश, हुक्क्याचा बुंधा, सुरमादानी, जरीची शेरवानी आणि उर्दू-फारसी किताबांचे गठ्ठे यांचा ढीग लागतो. कुणी म्हणतो, हे सगळे लाखाचे आहे. कुणी म्हणतो, मोड आहे, किलोने देऊन टाका. दोघांनीही वस्तू हातात घेऊन नीट पाहिलेली नसते. शेवटी बहुतेक घरांत दुसऱ्याचेच म्हणणे चालते, कारण भंगारवाला दारात उभा असतो आणि जाणकार कुठे भेटतो हे कुणाला ठाऊक नसते.

या पानाचे वाचक या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहेत. वस्तू विकणारे कुटुंब आपले आणि मोड घेणारा, कल्हई करणारा, चांदी गाळणारा, जुन्या बाजारात दुकान मांडणारा माणूसही पुष्कळदा आपलाच. म्हणून दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

एका वस्तूच्या चार किमती

पहिली किंमत धातूची. ती काट्यावर कळते. दुसरी कारागिरीची, म्हणजे नक्षी, घाट आणि हाताच्या कामाची. तिसरी शौकिनाची, म्हणजे तशी वस्तू गोळा करणारा गिऱ्हाईक तिच्यासाठी जे देईल ती. चौथी पुराव्याची. वस्तूवर कारागिराचे नाव, साल, संस्थानाची मोहर असेल किंवा तिच्यासोबत जुनी पावती, पत्र, फोटो असेल तर तिचा भाव वाढतो.

भंगाराच्या काट्यावर फक्त पहिली किंमत मिळते. उरलेल्या तिन्ही किमती त्या काट्यावर शून्य असतात. उलटही लक्षात ठेवावे. प्रत्येक जुन्या वस्तूला चारही किमती नसतात. गेल्या पन्नास वर्षांत यंत्रावर लाखोंनी तयार झालेली पितळी भांडी घरात कितीही जुनी वाटली तरी त्यांना पहिलीच किंमत आहे, आणि ती घेऊन मोकळे होण्यात नुकसान नाही. पारख म्हणजे या दोन ढिगांची निवड. शंभर वस्तूंत पाच-सात निघाल्या तरी मेहनत वसूल होते.

आधी यादी, मग वाटणी

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मयताचे घर आणि शेत जसे तरक्यात येते, तशीच त्याची भांडीकुंडी, दागिने आणि किताबेही येतात. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत वजा जाता जे उरते त्यात सर्व वारसांचा हिस्सा असतो. पण प्रत्यक्षात मोठा मुलगा "जुने सामान" म्हणून ते परस्पर काढून टाकतो आणि बहिणींना विचारत नाही.

समजा, मागे बेवा, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. बेवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन भाग आणि प्रत्येक मुलीला एक. सामानाची खरी किंमत ८० हजार असेल तर बेवेला १० हजार, मुलाला ३५ हजार आणि प्रत्येक मुलीला साडेसतरा हजार येतात. तेच सामान मोडीत ८ हजाराला गेले तर मुलीच्या हाती १,७५० रुपये पडतात. येथे कुणी चोरी केली नाही, तरी प्रत्येक मुलीचे पावणेसोळा हजार गेले.

म्हणून पहिले काम यादीचे. सर्व वारसांच्या समोर प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, दोन-तीन बाजूंनी फोटो काढावा, लांबी-उंची-वजन लिहावे आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना त्या वस्तूविषयी जे आठवते ते शेजारी नोंदवावे. वस्तू कोणत्या गावाहून आली, कुणाच्या जहेजमध्ये आली, ही माहिती सांगणारे माणूस गेले की ती कुठेच मिळत नाही. संच फोडू नये. पानदान आतल्या डब्या, चमचे आणि झाकणासह असेल तर त्याचा भाव वेगळा आणि डब्या भावंडांत वाटून टाकल्या तर वेगळा. गुलाबपाशची जोडी असेल तर जोडीच राहू द्यावी.

घासू नका

वस्तू दाखवायला नेण्यापूर्वी चिंच, लिंबू, पावडर किंवा तेजाब लावून चकचकीत करण्याची हौस सर्वात महाग पडते. नाण्यावर आणि भांड्यावर वर्षानुवर्षे जी झिलई चढते ती वयाची खूण असते. ती गेली की शौकीन हात लावत नाही. घासलेल्या नाण्यावरचे बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात. धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावी. तुटलेल्या भांड्याला डाग देणे, कल्हई करणे, दांडी बदलणे हेही किंमत कळेपर्यंत थांबवावे.

तांबे, पितळ, कासे आणि जर्मन सिल्व्हर

तांबे लाल, पितळ पिवळे, हे सर्वांना माहीत आहे. पितळात तांब्यासोबत जस्त असते. काशात तांब्यासोबत कथील असते आणि टिचकी मारली की त्याचा नाद लांबतो. काशाचा भाव पितळापेक्षा जास्त असतो, तरी अनेक घरांतून ते पितळाच्या ढिगात जाते.

भांडे हाताने ठोकलेले आहे की यंत्रावर काढलेले, हे पाहण्याची सोपी रीत आहे. ठोकलेल्या भांड्यावर हातोडीच्या लहान चपट्या खुणा दिसतात आणि पत्रा जोडलेल्या ठिकाणी पुष्कळदा दातेरी सांधा असतो. यंत्रावरच्या भांड्याच्या बुडाशी एकात एक बारीक गोल रेषा दिसतात. ठोकीव डेग किंवा आफताबा, त्यावर कोरीव नक्षी असेल तर, बाजूला ठेवावा.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. विलायती चमचे-ताटांवर 'ईपीएनएस' अशी इंग्रजी अक्षरे असतील तर ती अशाच धातूवर चांदीचा मुलामा दिलेली वस्तू समजावी. चालत्या सिंहाचा लहान ठसा असेल तर मात्र ती इंग्लंडमधील ९२.५ टक्के चांदी असू शकते. पण खोटे ठसेही मारले जातात, म्हणून सराफाकडून तपासून घ्यावे. सोन्याचे जुने दागिने असतील तर एका दुकानाच्या कसोटीवर न थांबता हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता तपासून घ्यावी. खर्च थोडा येतो आणि लेखी अहवाल हाती पडतो.

बिदरी : काळा गोळा म्हणून टाकू नका

मराठवाड्यात आणि हैदराबादशी सोयरीक असलेल्या घरांत सर्वात जास्त फसगत बिदरीच्या वस्तूंत होते. हुक्क्याचा बुंधा, पानदान, उगालदान, सुराही, तबक अशा वस्तू बिदरीत बनत. हे काम बीदरचे, पुढे हैदराबाद आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथेही होऊ लागले. वस्तू ओतीव असते. तिच्यात नऊ-दशांशापेक्षा जास्त जस्त आणि थोडे तांबे असते. तिच्यावर नक्षी कोरून खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप गरम वस्तूवर चोळला की अंग गडद काळे होते, चांदी मात्र पांढरी राहते.

अडचण पुढे येते. पेटीत तीस-चाळीस वर्षे पडल्यावर चांदीही काळवंडते. मग सगळी वस्तू एकसारखी काळी दिसते, नक्षी नजरेस पडत नाही आणि घरचे तिला लोखंड समजतात. जस्ताला मोडीत भाव थोडा, म्हणून ती जवळजवळ फुकट जाते. ओळख अशी करावी. वस्तू आकाराच्या मानाने जड लागते. लोहचुंबक चिकटत नाही. आतली बाजू बहुधा काळी केलेली नसते, ती करडी दिसते. उजेडात तिरपी धरली की चांदीच्या रेषा वेगळ्या चमकतात. काळा रंग ब्रशने लावलेला असेल, पोपडे निघत असतील, तर ती नक्कल. गोल गडूसारखा हुक्क्याचा बुंधा घंटेच्या आकाराच्या बुंध्यापेक्षा जुन्या धाटणीचा. घंटेचा आकार अठराव्या शतकात रुळला. बिदरी पडली तर वाकत नाही, फुटते, म्हणून कापडात गुंडाळून न्यावी. आणि तिला चिंच कधीही लावू नये. तिचे काळेपण हेच तिचे काम आहे.

चांदीचे रुपये

जुन्या रुपयांची थैली जवळजवळ प्रत्येक घरात निघते. येथे साल वाचणे हाच सारा हिशोब आहे. इंग्रज अमदानीतील रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे १०.७ ग्रॅमच्या आसपास चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मी, म्हणजे ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाही. तिन्ही एकाच थैलीत असतात आणि घाईत एकाच भावाने मोजून दिले जातात. मोजून घेणाऱ्याला साल वाचता येते, देणाऱ्याला येत नाही, एवढाच फरक.

चांदीच्या वरचा भाव काही सालांनाच आहे. व्हिक्टोरियाचे आणि पंचम जॉर्जचे बहुतेक रुपये भरपूर मिळतात. त्यांना चांदीच्या थोडे वर मिळाले तरी पुरे. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया निराळा. त्यावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती असा कोरला गेला की तो डुकरासारखा दिसे. मुसलमानांनी आक्षेप घेतल्यावर सरकारने तो ठसा मागे घेतला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून १९११ चा रुपया वेगळा ठेवावा. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याची नक्कल सर्वात जास्त. वजन आणि कडा तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील थैलीत चारमिनार असलेला हाली सिक्का निघतो. त्याच्या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी सुमारे ८२ टक्के. इंग्रजी रुपयाच्या हिशोबाने तो विकू-घेऊ नये. हारात ओवण्यासाठी कडी लावलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याला शौकिनाचा भाव मिळत नाही, पण चांदीचा मिळतो.

साल कसे वाचावे

भांड्यांवर, किताबांवर आणि हाली सिक्क्यांवर साल हिजरी असते. त्यावरून इसवी साल काढण्याचा कच्चा हिशोब असा : हिजरी सालाला ३३ ने भागावे, आलेला आकडा त्या सालातून वजा करावा आणि ६२२ मिळवावे. उदाहरणार्थ, १३२१ भागिले ३३ म्हणजे ४०. १३२१ वजा ४० म्हणजे १२८१. त्यात ६२२ मिळवले की १९०३. निजाम राज्यातील कागदपत्रांवर फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवावे. एखाद्या वर्षाचा फरक पडेल, पण वस्तू शंभर वर्षांच्या अलीकडची की पलीकडची हे कळते. मात्र भांड्यावरचे नाव-साल पुष्कळदा मागाहून, लग्नात देताना घातलेले असते. ते भांडे त्याहून जुनेही असू शकते.

जरीचे कपडे

गल्लीतून जुनी जर घेणारे फिरतात. ते काठ आणि पदर कापून घेतात, जाळतात आणि चांदी काढतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचे पाणी दिलेले असते. दुसरी जर तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली, ती झिजली की लालसर दिसते. तिसरी प्लास्टिकची, ती आचेला धरली की वितळते. खऱ्या जरीचा एखादा निसटलेला धागा जाळला तर धातूचा बारीक मणी मागे राहतो.

पण खरी जर आहे म्हणून कपडा जाळायला देणे हा नेहमी फायद्याचा सौदा नसतो. किनखाबाची शेरवानी, हिमरूचा अंगरखा, हाताने विणलेली जुनी पैठणी पूर्ण असेल तर तिची कारागिरीची किंमत चांदीपेक्षा जास्त येऊ शकते. फाटलेला तुकडाही नमुना म्हणून उपयोगी. विणकर आणि जरदोजी काम करणाऱ्या बंधूंना आम्ही आग्रहाने सांगू : विकण्यापूर्वी प्रत्येक बुट्टी कागदावर उतरवून आणि जवळून फोटो काढून ठेवा. जुना नमुना हे कारागिराचे भांडवल आहे. कपडा गेला तरी ते हातात राहते.

किताबे

हाताने लिहिलेल्या दिसणाऱ्या बहुतेक जुन्या किताबी प्रत्यक्षात दगडी छापाच्या असतात. एकोणिसाव्या शतकात लखनौ आणि मुंबई येथे अशी छपाई फार मोठ्या प्रमाणावर झाली. कातिबाने लिहिलेला मजकूर दगडावरून छापला जाई, म्हणून तो हस्ताक्षरासारखा दिसतो. पहिल्या किंवा शेवटच्या पानावर मतबा म्हणजे छापखान्याचे नाव शोधावे. नाव असेल तर छापील. नसेल, शाई कुठे गडद कुठे फिकी असेल, लाल किंवा सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असतील, शेवटी लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख असेल तर ती हस्तलिखित असण्याचा संभव आहे.

जीर्ण पाने अदबीने दफन करण्याची किंवा पाण्यात ठंडी करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याआधी ती एकदा फारसी-अरबी जाणणाऱ्या माणसाला दाखवावी, एवढीच आमची विनंती. पाटण्याचे खुदाबख्श ग्रंथालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय अशा घराघरांतून जपलेल्या हस्तलिखितांवरच उभे आहे. जिल्दीच्या आतल्या बाजूला लिहिलेली जन्म-मृत्यूची नोंद, जुनी मोहर, घडी घातलेला कागद फाडू नये. जमिनीच्या आणि वक्फच्या कामात असे कागद कधी कधी किताबीपेक्षा महत्त्वाचे ठरतात.

अफवांचा बाजार

पारख नसलेल्या माणसाचे नुकसान कमी किंमत घेण्याने होते, तसेच खोट्या किमतीच्या आशेनेही होते. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर शिलाई मशीनमध्ये "लाल पारा" असतो अशी अफवा उठली आणि मशीनचे भाव आभाळाला भिडले. मशीनमध्ये असले काही नसते. सिंगर मशीनच्या नंबराआधी इंग्रजी अक्षर असेल तर ती १९०० किंवा त्यानंतरची. अशा मशीन लाखोंनी बनल्या. चालू असेल तर ती कामाची वस्तू आहे, खजिना नव्हे.

"तांदूळ ओढणारे भांडे" कोट्यवधीला जाते म्हणून सांगणारे लोक आधी तपासणी-फी मागतात आणि गायब होतात. ७८६ आकड्याच्या नोटेला हौशी गिऱ्हाईक थोडे जास्त देईल, पण तिचे लाख देणारा आधी "कमिशन" मागत असेल तर तो ठग समजावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाकडून फी घेत नाही.

कायदा काय म्हणतो

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. ती घरात ठेवणे गुन्हा नाही. पण मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही. आखातात जाणाऱ्या भावाच्या बॅगेत हस्तलिखित किंवा जुनी नाणी घालून देऊ नयेत. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

हस्तिदंत, सांबराचे शिंग, वाघ-बिबट्याचे कातडे यांची विक्री बंद आहे. वारशाने आलेली अशी वस्तू नव्वद दिवसांत वन विभागाला कळवावी लागते. दागिने आणि कलावस्तू विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागू शकतो, तेव्हा मोठा व्यवहार असेल तर हिशोबनिसाला विचारावे.

भाव कसा काढावा

विकत घेणार नाही अशा माणसाचे मत पहिले घ्यावे. संग्रहालयातील अभ्यासक बहुधा किंमत सांगत नाहीत, पण वस्तू काय आणि कधीची हे सांगू शकतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूच मांडल्या आहेत. आपल्या वस्तूशी ताडून पाहायला ती उत्तम जागा आहे. नंतर किमान तीन दुकाने फिरावी. मुंबईचा मटन स्ट्रीटवरील चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे एक दिवस नुसते पाहण्यात घालवला तरी अंदाज येतो. कुणी किती मागतो याला अर्थ नाही. लिलावात किंवा दुकानात ती वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली हा खरा भाव. दुकानदार विक्रीच्या भावाने खरेदी करणार नाही. त्याचे भाडे आहे, पैसा महिनोन्‌महिने अडकतो. त्याने कमी सांगितले म्हणजे तो लुबाडतोच असे नाही. पण पावतीशिवाय वस्तू कुणाकडे ठेवू नये आणि "आजच द्या, उद्या भाव नाही" म्हणणाऱ्याला आज देऊ नये.

शेवटी घेणाऱ्या बंधूंना दोन शब्द. काट्यावर आलेल्या पोत्यात बिदरीचे पानदान ओळखू आले आणि समोर बेवा किंवा यतीम मुले असतील, तर वस्तू काय आहे ते सांगून सौदा करावा. तरीही नफा राहतो, फक्त तो थोडा कमी राहतो. आणि त्या मोहल्ल्यातील पुढची पेटी उघडेल तेव्हा पहिले बोलावणे तुम्हालाच येईल.